येलदरीला मासे खाताना बोललेलं वाक्य

येलदरीला मासे खाताना मी एक वाक्य बोललो आणि त्या वाक्यामुळे एका चांगल्या शाळेतलं चांगलं काम बंद पडलं. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या भागातल्या ज्वारीबद्दल, पूर्णेच्या पाण्याबद्दल, जेवणाबद्दल बरंच कौतुकाने लिहिणार आहे. ते वाचून कोणाला वाटेल की हा माणूस मोकळ्या मनाने फिरून आला. तसं झालं नाही. मी परभणी जिल्ह्यात गेलो तो मित्राच्या शाळेत खोट शोधायलाच.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळा नीटनेटकी आहे, कागदपत्रं चोख आहेत. पण मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. गेल्या वर्षी माझ्या तीन शिक्षकांनी एकाच वेळी बदली मागितली. तिघांनीही कारण लिहिलं, घरगुती. त्याच सुमारास आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर मिलिंद मुख्याध्यापक असलेल्या शाळेचे फोटो येऊ लागले. शिक्षक हसताहेत, जमिनीवर बसून भांडताहेत, आणि मध्ये मिलिंद, कोणीतरी त्याला काहीतरी सुनावतंय. खाली सगळ्यांची वाहवा. मी अंगठ्याची खूण टाकायचो आणि फोन उलटा ठेवायचो. शेवटी जानेवारीत रजा टाकली. बायकोला सांगितलं, शिकायला चाललोय.

पेडगाव ते जिंतूर

मनमाडला गाडी बदलल्यापासूनचा कंटाळा सोडून देतो. सेलू गेलं, मानवत रोड गेलं आणि पेडगावला गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहिली. आमच्याकडे रान म्हणजे द्राक्षांचे मांडव, तारा आणि कागदात गुंडाळलेले घड. नजर चार ओळींपलीकडे जात नाही. इथे नजरेला अडवायला काही नव्हतं. काळीभोर जमीन, कापून रचलेली तूर आणि लांबवर पसरलेली ज्वारी. समोर बसलेल्या पेडगावच्या शेतकऱ्याने काय काम काढलं म्हणून विचारलं. मित्राची शाळा बघायला आलोय, म्हणालो.

"रजा काढून शाळा बघाया येणारा मास्तर पहिल्यांदाच बघायलोय," तो म्हणाला आणि पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. शेंगा गोड होत्या. कौतुकही गोड होतं. दोन्ही मी घेतलं.

परभणीहून एस.टी.ने जिंतूर. स्टँडवर मिलिंद मोटारसायकल घेऊन उभा होता. केस निम्मे गेलेले, पण पोट अजिबात नाही. मी माझं पोट आत ओढलं.

"आलास का बाबा एकदाचा," म्हणत त्याने बॅग काढून घेतली.

मिलिंद मूळचा याच जिल्ह्यातल्या चुडाव्याचा. तेव्हाच्या औरंगाबादेत अध्यापक विद्यालयात आम्ही एका खोलीत राहिलो. मी वर्गात पहिला असायचो, तो मधला कुठेतरी. परीक्षेच्या आधी माझ्या वह्या तो मागायचा आणि मी द्यायचो, जरा उशिराच द्यायचो. त्याच्या कॉटवरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी त्या फोटोला नमस्कार करायचो आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजायचो. माझ्या डोक्यात मिलिंदची जागा माझ्या मागे ठरलेली होती. ती कोणी ठरवली, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या गावात ती मी जन्मायच्या आधीच ठरलेली होती. हे लिहायला मला जड जातं आहे, पण हे गाळलं तर पुढचं काही खरं राहणार नाही.

त्याच्या शाळेचं गाव जिंतूर आणि येलदरीच्या मधे आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना माझ्यामुळे आधीच पुरेसा ताप झाला आहे. संध्याकाळी सुजाता वहिनींनी येसराची आमटी केली. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं येसराचं पीठ तिथे घरोघरी डब्यात असतं, पाहुणा आला की आमटीला लावतात. जळजळीत, दाट, ज्वारीच्या भाकरीत मुरणारी. मी तीनदा वाढून घेतली. जेवताना वहिनी मिलिंदला विचारत होत्या, आज नाजिया मॅडम काय म्हणाल्या, शेळके सरांशी भांडण मिटलं का? तो सगळं सांगत होता, स्वतःचं हसं झालेलं सुद्धा. आमच्या घरी मी शाळेबद्दल बोलत नाही. बायकोने विचारणं सोडून दिलंय. आमटी खरोखर चांगली होती, पण माझ्या पोटात जे पेटलं होतं ते तिखटाने नव्हे.

हिरवा व्हरांडा

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि पहिल्यांदा मला बरं वाटलं, कारण व्हरांड्याला दिलेला रंग भयंकर होता. असा झगझगीत हिरवा मी फक्त सरबताच्या बाटलीत पाहिला आहे. मी मिलिंदकडे बघितलं.

"शेळके सरांनी निवडलाय," तो म्हणाला. "मला बी आवडत न्हाई. पण रंगाचा शेवटचा शब्द त्यांचा होता."

हा शेवटच्या शब्दाचा प्रकार मला तिथे प्रत्येक गोष्टीत भेटला. पहिली ते सातवीची शाळा, शिक्षक मोजके. वेळापत्रक नाजिया मॅडमकडे, खिचडी आणि धान्य एकाकडे, इमारत शेळके सरांकडे. कामं तर मीही वाटतो. पण माझ्याकडे प्रत्येक काम शेवटी माझ्या टेबलावर येतं आणि मी त्यात लाल पेनाने काहीतरी बदलतोच. मिलिंद म्हणाला, तोही आधी तसंच करायचा.

"नुसती कामं वाटली की माणसं आपले हमाल होतात, विलास. निर्णय वाटला की भांडाय लागतात. भांडाय लागली की समजायचं, शाळा त्यांची झाली."

मी मान डोलावली. मनात म्हणालो, पुस्तकी बोलतोय. तेवढ्यात नाजिया मॅडम आल्या. तिशीतल्या, बारीक आवाजाच्या, दुसरीच्या वर्गशिक्षिका. मिलिंद उठून उभा राहिला आणि विद्यार्थ्यासारखा म्हणाला, "मॅडम, गुरुवारी दुपारून पाहुण्याला येलदरी दाखवावी म्हणतोय. जमंल का?"

त्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिल्या. "चौथीचं गणित राहील, सर."

"तुमी सांगाल तसं."

"मग पाहुण्यांनी उद्या सकाळी चौथीला तास घ्यावा. फुकटात येलदरी नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला आठवेना, माझ्या शाळेतलं कोणी माझी अशी चेष्टा शेवटची कधी केली होती. मला ती बाई हवी होती, माझ्या शाळेत, माझ्याशी असं बोलणारी. आणि मला माहीत होतं, ती माझ्याकडे आली असती तर पहिल्या महिन्यात गप्प झाली असती.

बुधवार

चौथीला मी अपूर्णांक शिकवले. वर्गावर जाऊन मला बरीच वर्षं झाली आहेत. मुख्याध्यापकाला वेळ नसतो, असं मी सांगतो. फळ्यावर भाकरी काढली, तिचे चार भाग केले आणि मोठ्या आवाजात सांगू लागलो. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ह्यो तुकडा मोठा हाय. चौघांत भांडणं लागत्याल."

खरंच मोठा होता. वर्ग खदखदून हसला. मी दटावलं, आणि वर्ग एकदम शांत झाला. ही शांतता माझ्या ओळखीची होती. उरलेला तास मी त्या शांततेशीच बोललो. बाहेर आल्यावर मिलिंदने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी खिचडीनंतर त्यांचा बुधवारचा पाठ असतो. दर बुधवारी एक शिक्षक आपल्या वर्गाला शिकवतो आणि दोघं मागे बसून बघतात. शिकवणाऱ्याकडे नव्हे, मुलांकडे बघतात. कोण कुठे हरवलं, कोणाचं लक्ष कधी खिडकीबाहेर गेलं. सुरुवात मुख्याध्यापकाने करायची, आणि मधूनमधून त्याची पाळी पुन्हा यायची. त्या दिवशी मिलिंदची पाळी होती, पाचवीवर. मागे नाजिया मॅडम आणि तिसरीचे शेळके सर.

मग दुसरी आणि तिसरीचं काय? ती दोन्ही हिरव्या व्हरांड्यात बसली होती आणि त्यांच्या मधे सखुबाई. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या, चांगल्या उंच, कपाळावर मोठं कुंकू. त्यांची नात दुसरीत आहे. सखुबाईंना वाचता येत नाही, आणि म्हणूनच त्यांना बोलावलेलं. मुलांनी त्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या. मूल अडखळलं, नुसतं घोकल्यासारखं वाचलं की त्या म्हणायच्या, "काय कळंना बाबा, पुन्यांदा सांग." मूल पुन्हा वाचायचं, या वेळी त्यांना कळावं म्हणून. मी खांबापाशी उभा राहून बराच वेळ ऐकलं. एका मुलाने कोल्ह्याची गोष्ट वाचली, तर सखुबाई म्हणाल्या, कोल्हं असं करत न्हाई, कुणी लिहिलंय हे? मला हसू आलं. हे सगळं मी पाहिलं, ऐकलं, त्यावर हसलो. हे लक्षात ठेवा.

मिलिंदचा पाठ काही खास झाला नाही. प्रश्न विचारायचा आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मी मनातल्या मनात नोंदी करत होतो, एकामागून एक, मजेत. तास संपला, मुलं बाहेर गेली आणि मिलिंदने स्वतःच सुरुवात केली. "आज मी पोरांना बोलूच दिलं न्हाई."

नाजिया मॅडम म्हणाल्या, "हो सर. आणि खिडकीकडच्या पोरींकडे तुम्ही एकदासुद्धा बघितलं नाही. त्या तिघी निवांत होत्या."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा."

मिलिंदने डोक्याला हात लावला आणि विचारलं, मग मी काय करू? तिघं बोलत बसले. माझ्या सगळ्या नोंदी त्याने आणि त्यांनी आधीच बोलून टाकल्या होत्या. मला सांगायला काही उरलं नव्हतं. मी वर्ग तपासायला जातो तेव्हा दारात उभा राहतो, दहा मिनिटांत शेरा लिहितो आणि सही घेतो. माझ्या शेऱ्याने कोणाचा पाठ सुधारल्याचं मला आठवत नाही. इथे हा माणूस वाईट शिकवून सुद्धा माझ्यापुढे गेला होता.

उठताना नाजिया मॅडम म्हणाल्या, पुढच्या बुधवारी माझा पाठ. मिलिंदचा चेहरा बदलला. नंतर त्याने मला कारण सांगितलं. आधीच्या शाळेत कोणीतरी त्यांना मुलांसमोर तोडून बोललं होतं. तेव्हापासून त्यांच्या वर्गात मोठं माणूस आलं की त्यांचे हात थरथरायचे. या शाळेत येऊन दोन वर्षं झाली, त्यांनी कोणालाही वर्गात मागे बसू दिलं नव्हतं. मिलिंदने एकदाही आग्रह केला नाही, फक्त स्वतःचे पाठ त्यांना दाखवत राहिला. आणि आज त्यांनी आपणहून पाळी मागितली होती.

"दोन वर्षं वाट बघितली रे," मिलिंद म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मला वाटलं, आपणही कोणाची अशी वाट पाहिली असती तर. हा विचार चांगला होता. पण तो फार वेळ टिकला नाही. त्याच्या जागी लगेच दुसरा आला, की सगळं ह्यालाच का मिळावं.

येलदरी

येलदरीचं धरण पूर्णा नदीवर आहे. खाली वीजघर, वर अडवलेल्या पाण्याचा अफाट विस्तार, आणि त्यात बुडालेल्या टेकड्यांची नुसती टोकं. जानेवारीतलं ऊन पाण्यावर सौम्य होऊन पडलं होतं. लांबवर एका होडीतून जाळं ओढणं चाललं होतं, इतकं सावकाश की चित्र वाटावं. आमच्याकडे गंगापूरचं धरण आहे, पण तिथे माणसं पाण्याला पाठ करून फोटो काढतात. इथे फोटो काढणारं कोणी नव्हतं. पाणी नुसतं होतं.

धरणाखाली पत्र्याच्या एका हॉटेलात आम्ही मरळ मागवला. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, बाजूला भाकरी आणि चिरलेला कांदा. मासा सकाळी पाण्यात होता हे चवीवरून कळत होतं. मी दुसरी भाकरी मोडत होतो तेव्हा मिलिंदचे केंद्रप्रमुख तिथे आले. त्या भागातल्या शाळांवर देखरेख त्यांची. येलदरीच्या शाळेला भेट देऊन जेवायला आले होते. साधे गृहस्थ, थकलेले. आमच्याच टेबलावर बसले. मिलिंदने माझी ओळख करून दिली, नाशिकचे मुख्याध्यापक, माझे वर्गमित्र, लय हुशार, वर्गात पहिले यायचे. मग त्याला बाहेर कोणी ओळखीचं दिसलं म्हणून तो उठून गेला.

केंद्रप्रमुखांनी सहज विचारलं, "कशी वाटली आमच्या मिलिंद सरांची शाळा?"

मी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि म्हणालो, "शाळा छान आहे, साहेब. फक्त काल दुपारी दोन वर्गांवर शिक्षक नव्हते."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "दोन वर्गांवर?"

"दुसरी आणि तिसरी."

एवढंच. पुढे सांगायला बुधवारचा पाठ होता, सखुबाई होत्या, कोल्ह्याची गोष्ट होती. सांगायला वेळही होता. मिलिंद अजून बाहेर हसत बोलत होता. मी रस्सा प्यालो. तो आधीपेक्षा चांगला लागला. परत आल्यापासून मला येलदरी आठवते ती या चवीने, आणि पाण्याचं ते दृश्य मग नीट दिसत नाही.

हुरडा

शुक्रवारी सकाळी परिपाठ संपत होता तेव्हा मिलिंदचा फोन वाजला. तो बाजूला गेला, "हो साहेब" एवढंच अधूनमधून ऐकू आलं. परत आला आणि मुलं वर्गात गेल्यावर शिक्षकांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं की केंद्रप्रमुखांचा फोन होता, बुधवारचा पाठ तूर्त बंद. वर्गांवर शिक्षक नसतात अशी बाब समोर आली आहे, उद्या पोराला काही लागलं तर कोण जबाबदार, साहेब स्वतः निर्णय घेईपर्यंत थांबायचं.

मी वाट बघत होतो की कोणीतरी विचारेल, साहेबांना कोणी सांगितलं? कोणी विचारलं नाही. माझ्या शाळेत पहिला प्रश्न तोच झाला असता. शेळके सर म्हणाले, दुपारऐवजी शाळा सुटल्यावर घेऊ; पण मुलं गेल्यावर पाठ कोणाला द्यायचा? मिलिंद म्हणाला, "साहेबांना आपण हे कधी नीट सांगितलंच न्हाई. ती माझी चूक."

नाजिया मॅडमनी आपल्या वर्गातल्या टेबलावर रंगीत पुठ्ठ्याची कार्डं मांडली होती, बुधवारसाठी. त्यांनी कार्डं गोळा केली, रबरबँड लावला आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. वरच्या, जिथे त्यांचा हात नीट पोचत नव्हता.

संध्याकाळी सखुबाईंच्या रानात हुरडा होता, माझ्यासाठीच ठरवलेला. गोवऱ्यांच्या आगीत ज्वारीची कोवळी कणसं भाजत होती. सखुबाई गरम कणसं हातावर चोळून हिरवे दाणे आमच्यापुढे टाकत होत्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पलीकडे वाघरात, जाळीच्या कुंपणात, शेळ्या परतत होत्या, करडं आईला शोधत ओरडत होती. असा हुरडा मी कधी खाल्ला नव्हता आणि त्या दिवशीही मला तो खाता आला नाही.

"खावा की पाव्हणे. नाशकाची द्राक्षं खाऊन खाऊन दात आंबले काय?" सखुबाई म्हणाल्या. लोक हसले. मग त्या मिलिंदकडे वळल्या. "सर, नात म्हणायलीय साहेबानं बंद केलं. म्या काय वाईट केलं का? कुणाला बोलले का म्या?"

"तुमी काय न्हाई केलं, सखुबाई. माझं चुकलं."

"मग बुधवारी येऊ का नगं?"

मिलिंद आगीकडे बघत राहिला. माझ्या तळहातावरचे दाणे गार झाले. सकाळच्या पहिल्या गाडीने जिंतूर गाठावं असं मी तिथेच ठरवलं. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, उद्या शनिवार, सकाळची शाळा, मग आमची बैठक. ती बघून जा, तीच तर बघण्यासारखी आहे.

शनिवार

ती बैठक पहिलीच्या वर्गात सतरंजीवर होते. शिक्षक असतात आणि पालकांतून कोणी एक. त्या दिवशी सखुबाई आल्या होत्या, दाराजवळ बसल्या होत्या. चालवणारा दर वेळी बदलतो. त्या दिवशी नाजिया मॅडम चालवत होत्या. सुरुवात ठरलेली. आठवड्यात आपल्याकडून काय बिघडलं ते आधी मुख्याध्यापकाने सांगायचं. का बिघडलं हे सांगायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. मग सगळ्यांनी एकच गोष्ट बोलायची, आता काय करायचं.

मिलिंदने घसा साफ केला. "बुधवारचा पाठ माझ्यामुळं बंद पडला. साहेबांना मी..."

"नाही," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याने शेवटी बोलायचं असतं, हे मला आधी सांगितलेलं होतं. मी बोलतच राहिलो. म्हणालो की साहेबांना मी सांगितलं, येलदरीला, हा बाहेर गेला होता तेव्हा. की माझ्या शाळेत माझ्याशी कोणी बोलत नाही, की मी इथे आलो तोच खोट काढायला, की मला रात्री झोप येत नाही, की मी पहिला यायचो आणि...

"विलास," मिलिंद हळू आवाजात म्हणाला, "कारणं नकोत. काय केलंस तेवढं सांग."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी थांबलो. खाली सतरंजीच्या निळ्या पट्ट्यांकडे बघत म्हणालो, "साहेबांनी विचारलं, शाळा कशी आहे. मी म्हणालो, दोन वर्गांवर शिक्षक नव्हते. बाकीचं मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. मला तुमची शाळा बघवत नव्हती."

शेळके सर पुटपुटले, "असले पाहुणे." मिलिंद खिडकीबाहेर बघत होता. कॉलेजात वह्या उशिरा मिळाल्यावर तो असाच बाहेर बघायचा, हे मला तेव्हा आठवलं.

नाजिया मॅडमचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता, पण बैठक त्यांच्याकडे होती. "आता काय करायचं?"

मी फोन काढला, केंद्रप्रमुखांचा नंबर मिलिंदकडून घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. सगळं सांगितलं. बुधवारचा पाठ कसा होतो, वर्ग कुठे बसतात, कोण सांभाळतं. पलीकडून साहेबांनी विचारलं,

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, सर?"

"सांगावंसं वाटलं नाही, साहेब."

"अवघड आहात." मग म्हणाले, "मिलिंद सर, मला बघितल्याशिवाय हो म्हणता येणार नाही. बुधवारी मी येतो. मागं बसतो. कुणाचा पाठ आहे?"

सगळे नाजिया मॅडमकडे बघू लागले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते. माझ्यामुळे आता त्यांच्या वर्गात, त्यांच्या पहिल्याच पाठाला, साहेब बसणार होते. तेही माझंच देणं.

"माझा आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "या. पण मुलांसमोर बोलायचं नाही. आणि नंतर आमचं झाल्यावर, शेवटी बोलायचं. आमच्याकडे असंच असतं."

"बरं," साहेब म्हणाले. "शेवटी बोलतो."

फोन ठेवला. शेळके सर उठून दुसरीच्या वर्गात गेले, कपाटाच्या वरच्या खणातून कार्डं आणली आणि मॅडमपुढे ठेवली. मला हलकं वाटू लागलं. सगळं सांगून झालं होतं, दुरुस्तीही झाल्यासारखी होती. गाडीची वेळ झाली होती. मी बॅगेकडे हात नेला.

"सर," नाजिया मॅडम म्हणाल्या, "साहेबांना सांगितलंत. आम्हाला तर तुम्ही नुसती हकिगत सांगितली."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. आयुष्यभर मी चुका कबूल करत आलो आहे, देवासमोर, बायकोसमोर, डायरीत. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे तोंड करून मात्र कधी बोललो नव्हतो. मी बॅग खाली ठेवली. मिलिंदच्या समोर जाऊन सतरंजीवर बसलो.

"मिलिंद, तू माझ्या मागे असावास असं मला वाटत आलं. अजून वाटतं. त्यापायी मी तुझं काम मोडायला निघालो. मला माफ कर."

त्याने मान हलवली नाही, पण खिडकीतून नजर काढून माझ्याकडे बघितलं. नाजिया मॅडमना म्हणालो, "दोन वर्षांनी तुम्ही पाळी मागितली होती, ते मला माहीत असून मी बोललो. मला माफ करा."

मग दाराकडे वळलो. सखुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझं त्यांच्याशी काय काम, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी हात जोडले.

"सखुबाई, त्या दोन वर्गांवर तुम्ही होतात. पोरं तुम्हाला वाचून दाखवत होती, मी उभा राहून ऐकलं. आणि साहेबांना सांगताना तुम्हाला धरलंच नाही. माझं चुकलं. मला माफ करा."